बाळंतपणानंतर न संपलेला थकवा

संत्र्याच्या झाडाची पाने पिवळी पडू लागली की आमच्या काटोल-नरखेडकडचा बागाईतदार आधी युरियाचे पोते सोडतो. नत्र कमी पडले असेल तर झाड हिरवे होतेही. पण सगळा पिवळेपणा एका जातीचा नसतो. नत्राची उणीव जुन्या पानांवर आधी दिसते, जस्ताची व लोहाची कोवळ्या पानांवर. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर कारण निराळे, पाने बारीक व अरुंद राहिली तर निराळे. आणि पावसाळ्यात बुंध्याशी पाणी साचून मुळेच कुजली असतील, तर वरून दिसणारा रंग तोच, पण मग युरियाचा काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून आम्ही खात्याची माणसे सांगतो की अंदाजाने खत टाकू नका, पानांचा व मातीचा नमुना काढा, तपासून घ्या, मग काय ते ठरवा.

झाडाच्या बाबतीत हे म्हणणे शेतकरी बंधूंना पटते. घरातल्या बाईच्या बाबतीत मात्र तेच बंधू म्हणतात, "थकवाच आहे, ताकदीच्या गोळ्या आणून देतो."

थकवा हे पिवळ्या पानासारखे लक्षण आहे, तो स्वतः रोग नव्हे. आपल्याकडे त्याचे सर्वांत मोठे कारण रक्त कमी असणे हे आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. विदर्भात सिकलसेलचा आजार पुष्कळ आहे, त्यातही थकवा येतो. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी मंद झाली तरी येतो. क्षय आहे, मधुमेह आहे. तेव्हा दमणाऱ्या प्रत्येक बाईला काही तरी दुर्मिळ दुखणे झाले आहे, असा घोर कुणी लावून घेऊ नये. पण रक्त वाढवणाऱ्या गोळ्या झाल्या, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, सलाईन झाले, आणि वर्षानुवर्षे बाई काही उभी राहत नाही, अशी घरेही खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्यासाठी आज लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, शेतकी पदवीधर आहे. पण या दुखण्याचा एक संसार जवळून पाहिला, आणि नंतर डॉक्टर मंडळींकडून व पुस्तकांतून ते नीट समजून घेतले.

मे महिन्यातील शाल

बागेच्या कामानिमित्त एका घरी माझे बरीच वर्षे जाणे-येणे होते. घर खाऊनपिऊन सुखी. दोन विहिरी, संत्र्याची बाग, थोडा कापूस. घरातली सून चाळिशीची, पण दिसायला साठीची. चेहरा फिकट मेणासारखा, त्यावर बारीक सुरकुत्या, बोलणे सावकाश. नागपूरचा मे महिना म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या आसपास, छपरीत बसवत नाही, आणि ही बाई अंगावर शाल घेऊन बसलेली. तिची सासू सरळच म्हणायची, "आमाले बी झाले चार लेकरं, पन आमी काई अशा खाटेवर नाई पडलो." नवरा बिचारा भला माणूस. तो म्हणे, "सायेब, सलाईन लावली का चार दिस बरी रायते, मंग पुन्हा तेच."

सलाईनने चार दिवस बरे वाटते, हे त्याचे बोलणे ध्यानात ठेवा. त्याचा उलगडा पुढे होईल.

तिचे तिसरे बाळंतपण घरीच झाले होते. वार पडायला वेळ लागला आणि रक्त फार गेले. गोधड्याच्या गोधड्या भिजल्या, दातखीळ बसली, दोन दिवस शुद्ध नव्हती म्हणतात. जगली हेच पुष्कळ, असे सर्वांना वाटले. त्यानंतर अंगावर दूध आलेच नाही. डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली, मेथी, हळीव सगळे झाले. पोर शेवटी गाईच्या दुधावर वाढले. पाळी पुन्हा कधी आली नाही. तिकडे कुणाचे फारसे लक्ष गेले नाही, उलट आपोआपच कुटुंबनियोजन झाले म्हणून घरची मंडळी एका अर्थी निर्धास्त झाली. तिशीच्या आतल्या बाईची पाळी जन्मभरासाठी थांबते आणि घरात त्याची चर्चा होत नाही, हे कितीही नवलाचे वाटले तरी आपल्याकडे असेच चालते. ज्या गोष्टीवाचून स्वयंपाक अडत नाही ती दुखण्यात धरली जात नाही.

मग बारा-तेरा वर्षे फिरणे. देवधर्म झाला, अंगारे-धुपारे झाले. तालुक्याचे डॉक्टर झाले, नागपूरचेही झाले. कुणी रक्त कमी म्हटले, कुणी मनाचा आजार म्हटले. एका ठिकाणी थायरॉईडची तपासणी केली, ती ठीक निघाली. पुढे दुसऱ्या एका दवाखान्यात केलेल्या तपासणीत थायरॉईडचा रस कमी निघाला, तेव्हा गोळी सुरू झाली. सर्वांना वाटले, सापडले एकदाचे. पण गोळी सुरू झाल्यावर बाई सुधारण्याऐवजी खचत गेली. उलट्या लागल्या, उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. त्यातच हिवतापासारखा ताप आला आणि एका पहाटे ती हाका मारूनही ओ देईना. गाडी करून तिला नागपूरला मेडिकलमध्ये आणले.

तिथे रात्रपाळीला असलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, आणि नवऱ्याला दोन प्रश्न विचारले. शेवटच्या बाळंतपणात रक्त फार गेले होते का? नंतर अंगावर दूध आले होते का? बारा-तेरा वर्षांत हे दोन प्रश्न कुणीच विचारले नव्हते, असे तो मला म्हणाला. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन व साखरेचे सलाईन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईने चहा मागितला.

वाटाण्याएवढी ग्रंथी

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, हाडाच्या एका लहानशा खोबणीत पियूषिका नावाची ग्रंथी असते. इंग्रजी औषधवाले तिला पिट्युटरी म्हणतात. आकाराने वाटाण्याएवढी, पण साऱ्या अंगाची कारभारीण. गळ्यातल्या थायरॉईडला, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना, बीजकोशांना, सर्वांना हिचा हुकूम सुटल्याशिवाय काम करता येत नाही. अंगावर दूध येते तेही हिच्याच रसाने.

गरोदरपणात दुधाची तयारी म्हणून ही ग्रंथी बरीच वाढते. मात्र तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या मानाने वाढत नाहीत. पाइपलाइन तीच ठेवून झाडे वाढवली तर उन्हाळ्यात जे होते ते इथे होते. एरवी निभते. पण बाळंतपणात रक्त फार गेले आणि रक्तदाब कोसळला, की पहिला उपवास या वाढलेल्या ग्रंथीला घडतो, आणि काही तासांत तिचा भाग मरतो. मेलेला भाग पुन्हा उगवत नाही. हॅरोल्ड शीहान या इंग्रज डॉक्टराने स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात बाळंतपणात दगावलेल्या स्त्रियांच्या शवांची तपासणी करून १९३७ साली हे सविस्तर मांडले, म्हणून या दुखण्याला शीहानचा आजार म्हणतात.

त्या बाईच्या बाबतीत हेच झाले होते. कारभारीणच गेल्यावर बाकीच्या ग्रंथी धडधाकट असूनही हुकुमाची वाट पाहत बसून राहिल्या. दूध नाही, पाळी नाही. काखेतले केस गळतात आणि काढले तर पुन्हा येत नाहीत. ही खूण बायका लाजेने सांगत नाहीत, पण डॉक्टरला ती फार उपयोगी पडते. थंडी सोसत नाही, त्वचा फिकट व कोरडी होते, भूक मरते, रक्तदाब व साखर खाली राहते, रक्तातले मीठ कमी होते. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी. म्हणूनच ते लावले की चार दिवस बरे वाटे. नवऱ्याने सांगितलेली ती गोष्ट एखाद्या तपासणीच्या कागदाइतकीच मोलाची होती, पण सलाईन लावणाऱ्याने ती ऐकून घ्यायला हवी होती.

सर्वच जणींना इतके तीव्र होत नाही. ग्रंथीचा थोडा भाग वाचला तर बाई कशीबशी कामे उरकत राहते, आणि एखाद्या तापात, शस्त्रक्रियेत, जुलाबात किंवा कडक उपवासात एकदम कोसळते. दुखणे बाळंतपणाला लागून सुरू झालेले असले तरी निदान व्हायला दहा-दहा, वीस-वीस वर्षे लागलेल्या रोगिणी वैद्यकीय नोंदींत जागोजागी आढळतात.

श्रीमंत देशांत बाळंतपणे दवाखान्यांत होऊ लागल्यावर हा आजार जवळजवळ विस्मरणात गेला. आपल्या देशात तसे झालेले नाही. काश्मीर खोऱ्यातील डॉक्टरांनी बाळंतपण झालेल्या, विशीच्या पुढच्या स्त्रियांची पाहणी करून २००५ साली निष्कर्ष छापले, तेव्हा शंभरात सुमारे तीन जणींना हा आजार असावा असे दिसले. त्यांतील निम्म्याहून अधिक जणींची बाळंतपणे घरी झाली होती. महाराष्ट्रात आता दर शंभरातील नव्वदाहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात, ही समाधानाची गोष्ट. पण १९९२-९३ च्या पाहणीत आपल्याच राज्यातील निम्म्याहून अधिक बाळंतपणे घरी होत होती. त्या काळात बाळंत झालेल्या बाया आज पन्नाशी-साठीच्या आहेत, आणि आपल्याच घरांत वावरत आहेत.

कागद ठीक, बाई आजारी

पहिल्या तपासणीत थायरॉईड ठीक कसे निघाले, असे वाचक विचारतील. ही जागा जरा नीट समजून घेण्यासारखी आहे.

नेहमीच्या तपासणीत पुष्कळदा टीएसएच एवढेच पाहतात. टीएसएच हा थायरॉईडचा रस नव्हे, तो पियूषिकेने थायरॉईडला धाडलेला हुकूम होय. थायरॉईड स्वतः मंद झाली असेल तर कारभारीण जोरजोरात हाका मारते, आणि टीएसएच वाढलेले दिसते. शंभरातल्या बहुतेक जणींत असेच असते, म्हणून ही तपासणी चांगलीच आहे. परंतु हाक मारणारीच निकामी झाली असेल तर टीएसएच वाढणार कसे? ते कमी किंवा अगदी बेताचे दिसते, आणि कागदावर ठीक असा शेरा पडतो. अशा वेळी त्याच्या जोडीला थायरॉईडचा प्रत्यक्ष रस, म्हणजे फ्री टी-फोर, मोजला तरच खरे काय ते कळते. टीएसएच न वाढता टी-फोर कमी दिसले, तर शंका पियूषिकेकडे न्यावी लागते. मग सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसोल पाहतात, दुधाच्या व पाळीच्या रसांची मोजमापे घेतात, आणि एमआरआय काढतात. त्यात ग्रंथीची खोबण पुष्कळदा रिकामी दिसते.

दुसरा प्रश्न, थायरॉईडचा रस कमीच होता तर गोळीने बाई बिघडली का? त्याचे उत्तर पुन्हा बागेत आहे. मुळे कुजलेल्या झाडाला युरिया दिला तर ते जोमाने वाढत नाही, अधिकच सुकते. थायरॉईडच्या गोळीने शरीराचा कारभार वेगाने चालू होतो, आणि त्यासाठी अधिवृक्क ग्रंथीचा कॉर्टिसोल नावाचा रस अधिक लागतो. तोच आधी तुटपुंजा असेल तर होता नव्हता तो संपतो आणि माणूस कोसळते. म्हणून या आजारात क्रम ठरलेला आहे. आधी कॉर्टिसोलची उणीव भरून काढायची, मग थायरॉईडची गोळी. दोन्ही गोळ्या स्वस्त व जुन्या आहेत, पण क्रम चुकला तर जिवावर बेततो. थायरॉईडची गोळी सुरू झाल्यावर उलट्या, चक्कर व ग्लानी वाढत असेल तर घरी वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि बाळंतपणाची हकिकत त्यांच्या कानावर घालावी.

गोळी कधी सोडायची? सोडायची नाही

औषध म्हणजे रोज हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोनची लहानशी मात्रा, थायरॉक्सिनची गोळी, आणि वय कमी असेल तर पाळीचे रस. अंगात जे तयार व्हायचे थांबले तेवढेच बाहेरून भरायचे. प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉईड, हे कळले की आपल्याकडे घबराट होते. शेजारीपाजारी सांगतात, हाडे ठिसूळ होतील, अंग सुजेल, सोडून द्या. हे बोलणे जादा मात्रा घेणाऱ्याबद्दल खरे आहे. ज्याच्या अंगात हा रस होतच नाही त्याला तो अन्नासारखा लागतो. विहिरीला पाणी नाही म्हणून टँकर लावला, तर टँकरमुळे जमीन बिघडेल असे आपण म्हणतो का?

जाता जाता एक सांगतो. सांधेदुखीवर, दम्यावर गुणकारी म्हणून आठवडी बाजारात ज्या बिननावाच्या पुड्या विकल्या जातात, त्यांतील कित्येकांत स्टेरॉईड मिसळलेले असते. अशी पुडी महिनोन्‌महिने घेऊन एकाएकी बंद केली तर धडधाकट माणसाचीही अधिवृक्क ग्रंथी झोपलेली राहते, आणि वर वर्णिलेलीच अवस्था ओढवते. ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

ताप आला, दात काढायचा झाला, अपघात झाला, तर निरोगी अंग आपोआप जास्त कॉर्टिसोल सोडते. या रोगिणीला ते जमत नाही. म्हणून तापाच्या दिवसांत रोजची मात्रा दुप्पट-तिप्पट करण्यास डॉक्टर सांगून ठेवतात. ती किती, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर इंजेक्शनच लागते. निर्जळी उपवास, मग तो हरितालिकेचा असो की आणखी कशाचा, या बाईने करू नये. देव समजून घेतो. सासूबाईंना समजवायला वेळ लागतो. उन्हाळ्यात पाणी जवळ असावे, जेवणाची वेळ टळू देऊ नये.

थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते. चहाबरोबर नव्हे. पुढे अर्धा ते एक तास काही खाऊ नये. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात, नाहीतर ती अंगी लागत नाही. आपल्या भागात सोयाबीन घरचेच असल्याने पिठात मिसळण्याची चाल पडली आहे. ते खायला हरकत नाही, मात्र गोळीच्या वेळेला नको.

डॉक्टरकडे जाताना "अशक्तपणा आहे" एवढेच सांगून भागत नाही. पेरणीची तारीख, खताचा हप्ता, फवारणी आपण डायरीत लिहितो, तसे घरच्या कुणी तरी कागदावर लिहून न्यावे. शेवटचे बाळंतपण कोणत्या साली, घरी की दवाखान्यात, रक्त किती गेले, रक्त चढवावे लागले का, दूध आले का, पाळी परत आली का, थकवा कधीपासून. जुन्या तपासण्यांचे कागद फेकू नयेत. नागपुरात मेडिकल, मेयो व मिहानमधील एम्स ही सरकारी रुग्णालये आहेत, वर्ध्याकडच्या लोकांना सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाला दाखवायचे आहे असे तिथे सांगावे. आणि नवऱ्याने किंवा मुलाने पाळी-दुधाच्या गोष्टी बोलायला लाजू नये. गाय आटली तर पशुवैद्याला आपण सगळे सांगतोच की.

मुळात हा आजार होऊच न देणे पुष्कळसे आपल्या हाती आहे. गरोदरपणात रक्त तपासून लोहाच्या गोळ्या नियमाने घेतल्या तर अंगात शिल्लक राहते, आणि बाळंतपणातला रक्तस्राव सोसतो. दवाखान्यात बाळ जन्मताच ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात, त्याने पिशवी आवळते आणि रक्त कमी जाते. दिवस भरत आले की १०८ व १०२ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत. नागपूर शहरात बायकांसाठी डागा हे सरकारी रुग्णालय आहेच.

त्या घरी मी पुढेही जात राहिलो. महिन्याभरात बाई वावरात जाऊ लागली असे मी सांगणार नाही. वर्ष लागले, आणि पूर्वीची ताकद सगळी आली नाही. पण शाल गेली, आवाज मोकळा झाला. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तिच्या आजाराचे नाव व इंजेक्शनचे नाव लिहिलेला कागद दिलेला आहे, त्याची दुसरी प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत असते, आणि दोन्ही मुलांना ती पाठ आहे.

तिला एक मुलगीही आहे, लग्नाच्या वयाची. पाहुणे येऊ लागले तेव्हा आईचे दुखणे मुलीत उतरेल काय, असा प्रश्न नात्यातल्यांनीच काढला. मी डॉक्टरांना विचारून त्यांना कळवले की हा आजार रक्तातून उतरणारा नाही, तो बाळंतपणात गेलेल्या रक्ताचा आहे. मुलीचे लग्न झाले. तिचे पहिले बाळंतपण डागामध्ये झाले, आणि जाण्याआधी तिचे रक्त किती टक्के आहे हे तिच्या आजीने, म्हणजे त्याच सासूबाईंनी, स्वतः विचारून घेतले.